मांडवाच्या दारापर्यंतची चाल

माझ्या लग्नातलं मला काय आठवतं असं कुणी विचारलं की मी बँड सांगते आणि आमच्या घरात हशा पिकतो. आमचे हे तर म्हणतात, एवढा मी घोड्यावर बसून आलो आणि हिच्या लक्षात राहिला तो क्लॅरिनेटवाला. त्यांचं अगदीच खोटं नाही. फक्त एक दुरुस्ती आहे. क्लॅरिनेटवाला मी त्या दिवशी पाहिलाच नव्हता, नुसता ऐकला होता, आणि तोही अर्धा.

लग्न साताऱ्याला झालं, साठ-एकसष्टच्या सुमाराला. मी आतल्या खोलीत पिवळं नेसून गौरीहरापुढे अक्षता वाहत बसले होते. नवरदेव मारुतीच्या देवळातून निघाल्याचा निरोप आला आणि पाठोपाठ बँड ऐकू यायला लागला. सासरची माणसं सांगलीची, त्यांनी हौसेनं बँडही तिकडूनच आणलेला. मला लहानपणापासून पेटीचा नाद, त्यामुळे कान आपसूक तिकडे गेला. ते सिनेमातलं गाणं नव्हतं, आरती नव्हती, कवायतीचं वाजवणंही नव्हतं. साधी चार ओळींची चाल होती, पुन्हा पुन्हा फिरून येणारी. पण दर फेरीला शेवटी ती वरच्या निषादावर जाऊन अशी थबकायची की वाटावं, आता हिला पुढे कुठेतरी जायचं आहे. चाल गल्लीच्या तोंडाशी आली, दाराशी आली, निषादावर चढली आणि तिथेच तुटली.

दारात माझ्या मामानं हात वर केला होता. मुहूर्त जवळ आला होता आणि भटजी घाई करत होते. मी शेजारच्या मावशीला हळूच विचारलं, याच्या पुढे काय? ती म्हणाली, "पुढे नवरा. खाली बघ."

नवरा चांगला निघाला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती अर्धी चाल डोक्यात राहिली ती राहिलीच. सांगलीला आले, मुलींच्या शाळेत नोकरी धरली, विश्रामबागेत बिऱ्हाड केलं, तरी भाजी निवडताना, वह्या तपासताना ती निषादापर्यंत यायची आणि थांबायची. पेटीवर मी तिला पाच-सहा प्रकारचे शेवट लावून पाहिले. एकही खरा वाटला नाही.

बँड सांगलीचाच असल्यामुळे लग्नसराईत तो कधी ना कधी आमच्या रस्त्यावरून जायचा. आवाज आला की मी हातातलं टाकून गच्चीवर पळायची. तिथून मी बँडच्या मास्तरांना पहिल्यांदा पाहिलं. ठेंगणे, छातीनं रुंद, खाकी कोट, पितळी बटणं घासून लख्ख केलेली, पायात पांढरे कापडी बूट, हातात वेताची काठी. आणि ते उलटे चालत होते. तोंड वाजवणाऱ्यांकडे, पाठ रस्त्याकडे. मागे बैलगाड्या, सायकली, शेण, खड्डे, चरत फिरणारी म्हैस, काय काय असायचं. मास्तर काठीनं ताल देत खुशाल मागे मागे जात होते. ते पडतील म्हणून माझाच जीव वरखाली व्हायचा. पुढे कळलं की मोठा ढोल वाजवणारा त्यांचा पुतण्या त्यांना वाट दाखवायचा. खड्डा आला की ढोलाच्या कडेवर तो एक बारीक टिचकी मारायचा, एक म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे. माझ्या शोधाला मात्र गच्चीचा काही उपयोग झाला नाही. रस्ता लांब असला की चाल फिरत राहायची, मांडव आला की तुटायची.

अशी सहा-सात वर्षं गेली. मग एक दिवस ह्यांनी घरी बातमी आणली की बँडला वीस वर्षं होताहेत, गावातल्या चार हौशी लोकांनी समिती केली आहे, दोन दिवसांचा सोहळा ठरतो आहे. पहिल्या दिवशी सातारा, मिरज, तासगाव इथल्या बँडांची मिरवणूक, दुसऱ्या दिवशी दुपारी नाट्यगृहात या बँडचं वाजवणं, खुर्च्यांवर बसलेल्या लोकांसमोर. एक स्मरणिका काढायची होती आणि मास्तरांची हकिकत लिहायला कुणीतरी हवं होतं. ह्यांनी मला न विचारताच माझं नाव देऊन टाकलं होतं. एरवी मी भांडले असते. त्या दिवशी मी मुकाट्यानं वही काढली.

बँडचा सराव हळदीच्या एका वखारीत चालायचा. हंगाम संपला की जागा रिकामी असायची. हळद गेली तरी तिची पूड भिंतींना असायची आणि तुताऱ्या फुंकल्या की ती उडायची. पहिल्या दिवशी मी प्रश्नांपेक्षा शिंकाच जास्त दिल्या. मास्तरांनी पोत्यावर पंचा अंथरून मला बसायला दिलं आणि स्वतः उभे राहिले. कितीही सांगितलं तरी बसले नाहीत.

त्यांची हकिकत त्यांनी मला तीन-चार दिवसांत सांगितली. गाव खंडाळ्याकडचं. लढाईच्या दिवसांत फौजेत भरतीला गेले. उंची कमी भरली, पण छाती मोजणाऱ्या साहेबानं जवळचं एक बिगुल हातात देऊन फुंक म्हणून सांगितलं. यांनी फुंकलं ते अंगण ओलांडून गेलं. त्यांना बँडमध्ये घेतलं. तिथे ते क्लॅरिनेट शिकले, कागदावरचे सूर वाचायला शिकले. लढाई संपल्यावर बोटीनं परत येताना दिवसेंदिवस नुसतं पाणी बघून कंटाळले आणि त्या कंटाळ्यात त्यांनी एक चाल बांधली. गावी मात्र ते राहिले नाहीत. गावी गेलं की पाटलाच्या दारातून गावकीच्या कामाला पुन्हा हाका येणार हे त्यांना माहीत होतं. म्हणून सांगलीला आले, वखारीत हमाली धरली, आणि खालसा झालेल्या एका संस्थानच्या बँडची पोचे पडलेली वाद्यं मिळवली. तांबटाकडून ती ठोकून सरळ केली. हमाल, गिरणीवाले, फौजेतले जुने दोन सोबती, असा बँड उभा राहिला.

छप्पन साली मास्तरांच्या लोकांनी बौद्ध धम्म घेतला. तेव्हा त्यांच्यातलेच काही म्हणाले, आता दारोदार वाजवणं सोडा. मास्तर म्हणाले होते, गावकीचं वाजवणं असतं तर सोडलं असतं, हे आपण शिकून मिळवलंय. पण देवाच्या पालखीपुढे वाजवणं मात्र त्यांनी बंद केलं. हे सांगताना त्यांच्या आवाजात ना राग होता ना फुशारकी.

उलटं का चालता, हे मी विचारलंच. फौजेत असं नसतं, मास्तर तोंड पुढे करून चालतो, मागच्यांवर त्याचा भरवसा असतो. पण यांची माणसं पोती वाहून आलेली. मास्तरांचं तोंड दिसल्याशिवाय त्यांचा ताल बसेना. म्हणून पहिल्या वर्षी चार दिवसांसाठी मास्तर उलटे झाले, ते वीस वर्षं तसेच. आता मात्र गुडघे मागे चालू देत नव्हते. पुढचे दात गेल्यानं क्लॅरिनेट आधीच सुटलं होतं. सोहळा झाला की काठी पुतण्याच्या हातात द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

शेवटी मी माझा प्रश्न काढला. माझं लग्न साताऱ्याला तुमच्याच बँडनं लागलं, ती फिरून फिरून येणारी चाल निषादावर तुटते, तिच्या पुढे काय आहे?

मास्तर म्हणाले, "बाई, वीस वर्सांत ह्यो सवाल कुणी केला न्हाई."

ती त्यांची बोटीवरची चाल होती. तिला दुसरा भाग होता. पण मांडवाचं दार आलं की घरचं कुणीतरी हात वर करायचं आणि बँड जिथे असेल तिथे गप्प व्हायचा. गंमत म्हणजे तो हात मास्तरांना कधी दिसत नसे, त्यांची पाठ असायची. वाजवणाऱ्यांना दिसायचा. ते थांबले की मास्तरांना कळायचं की आपण पोचलो. सुरुवातीला त्यांनी सगळ्यांना दुसरा भाग शिकवला होता. पण तो वाजायची वेळच येईना तेव्हा लोक विसरले, नवे आले त्यांना तो माहीतही नव्हता. सगळ्याच गाण्यांचं तसं झालं होतं. सांगली-साताऱ्यात नाव असलेल्या त्या बँडला एकाही गाण्याचा शेवट येत नव्हता.

"आमचं वाजवणं दारापत्तुर," मास्तर म्हणाले. "फुडं आमी भाईर."

साताऱ्याचा मांडव त्यांना आठवत होता. दाराशी एक आंबा होता, म्हणाले, पोरं त्याच्या सावलीला बसली होती, जेवण तिथेच आणून दिलं होतं. ते सहज सांगत होते. मला आंबा आठवेना, कारण मी आत होते. बँडवाल्यांची पानं कुठे मांडली हे मी त्या दिवशी विचारलं नव्हतं आणि नंतरही कधी माझ्या मनात आलं नव्हतं. मला फक्त चालीचं पुढचं हवं होतं. माझी मला लाज वाटली.

दुसरा भाग गुणगुणून दाखवा म्हटलं तर मास्तर तयार होईनात. नुसत्या शिट्टीवर नको, म्हणाले, ऐकायचं तर अख्ख्या बँडवर ऐका, बसून. सोहळ्यात ती चाल पहिल्यापासून शेवटापर्यंत वाजवायची आणि मग काठी खाली ठेवायची, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. समितीला लोकप्रिय गाणी हवी होती. मास्तरांनी ती सगळी कबूल केली आणि शेवटची जागा आपल्या चालीसाठी मागून घेतली.

त्यांचं ऐकून मी गप्प बसणारी नव्हे. स्मरणिकेसाठी माहिती हवी म्हणून त्यांच्या घरी गेले. बायको एकट्याच होत्या, शेंगा फोडत बसल्या होत्या. मी आडून आडून चालीवर आले तशा त्या हसायला लागल्या.

"मला ठावं हाय की समदी," त्या म्हणाल्या. "वाजवून घरला येताना गल्लीत शिरलं की त्येवढीच शीळ घालत्यात. ऐकली की मी उठती आन् कडी काढती. पर तुमास्नी न्हाई सांगायची. त्यांनी सांगून ठेवलंय."

म्हणजे ज्याच्यामागे मी सहा-सात वर्षं लागले होते ते या बाईला रोज दाराशी मिळत होतं. त्यांनी मला मूठभर शेंगा दिल्या आणि वाटेला लावलं. त्यांनीही बँडवर ते कधी ऐकलं नव्हतं.

शेवट शिकवणं सोपं गेलं नाही. सरावाला मला बाहेर घालवून द्यायचे, पण वखारीच्या दाराबाहेरून बाकीच्या गाण्यांचं ऐकू यायचं. पुतण्यानं ढोलावर लागोपाठ दोन ठोके दिले की सगळ्यांनी मिळून थांबायचं, ही फौजेची रीत मास्तरांनी लावली. पहिले आठ दिवस कुणी ठोक्याआधी थांबे, कुणी ठोक्यानंतरही वाजवत राही. शिवाय खुर्च्या. बसून वाजवायची कुणालाच सवय नव्हती, बसलं की ताल ढिला पडायचा. शेवटी मास्तरांनी सगळ्यांना खुर्चीत बसूनच पाय आपटायला लावले आणि बँड बसल्या जागी चालायला लागला.

सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी नाट्यगृह भरलं. मला स्मरणिकेच्या कामामुळे दुसऱ्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेची जागा मिळाली. माझ्या बरोबर पुढे, पहिल्या रांगेत, मास्तरांची बायको नव्या निळ्या लुगड्यात अंग चोरून बसल्या होत्या. पडदा वर गेला. मास्तर आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. एकामागून एक गाणी झाली, ढोलाचे दोन ठोके पडत गेले, टाळ्या येत गेल्या. पहिल्या टाळीला वाजवणारे दचकले होते. नंतर त्यांना ती गोड वाटायला लागली हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मग शेवटची चाल सुरू झाली. चार ओळी, पुन्हा चार ओळी. मला माझा गौरीहर आठवला, मावशी आठवली. लोकांना मात्र ही चाल लग्नाची म्हणून पाठ होती, त्यात ऐकण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलं नाही. माझ्या मागच्या रांगांत कुजबुज सुरू झाली. कुणी गाडीची वेळ विचारत होतं, कुणी दाणे खात होतं. चाल तिसऱ्यांदा निषादावर चढली. आणि पहिल्यांदाच, माझ्या जन्मात पहिल्यांदाच, ती निषाद ओलांडून पुढे गेली.

मागे कुणीतरी मोठ्यानं हसलं. मी संतापले. सहा वर्षं वर्गात उभी राहणारी बाई मी. गलका झाला की माझा हात आपोआप वर जातो आणि साठ मुली गप्प होतात. मी मागे मान वळवली आणि हात वर केला.

मागचे लोक गप्प झाले. बँडही गप्प झाला.

सगळं मला माहीत होतं. हात कोण करतं, कुणाला दिसतो, काय होतं, हे मी माझ्या हातानं स्मरणिकेत लिहिलं होतं. आणि तरी माझ्या मामासारखाच हात मी वर केला. वाजवणाऱ्यांनी मास्तरांच्या खांद्यावरून तो पाहिला आणि वीस वर्षांच्या सवयीनं तोंडातली वाद्यं खाली घेतली. लोकांना वाटलं संपलं. टाळ्या झाल्या. काही जण उठून चपला शोधू लागले. मी हात खाली घेतला आणि तो कुठे ठेवावा हे मला कळेना.

मास्तरांनी वळून पाहिलं नाही. काय झालं ते त्यांना आपल्या माणसांच्या तोंडावरून कळलं असणार. टाळ्या ओसरेपर्यंत ते थांबले. मग मागे कुणाला ऐकू जावं म्हणून नव्हे, पण दुसऱ्या रांगेत मला स्पष्ट ऐकू आलं, अशा आवाजात म्हणाले, "डोळं मिटा रं समद्यांनी. हितं दार न्हाई."

त्यांनी डोळे मिटले. पंधरा-सोळा मोठी माणसं, मिशीवाली, गळ्यात पितळ अडकवलेली, खुर्च्यांवर डोळे मिटून बसली. आता काठी कुणाला दिसणार नव्हती. मास्तरांनी ती काखेत मारली आणि लाकडी रंगमंचावर पाय आपटायला लागले. डावा, उजवा, डावा, उजवा. चाल पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. उठलेले लोक होते तिथे उभे राहिले. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले.

निषाद आला, गेला. पुढे काय होतं ते शब्दांत सांगता येत नाही, पण मला वाटलं होतं तसं ते मुळीच नव्हतं. माझे सगळे शेवट वर चढणारे होते. हा खाली उतरत होता. एकेक सूर सोडत, घाई न करता, ओळखीच्या रस्त्यानं. त्यात विजय वगैरे काही नव्हता. थकलेला माणूस आपल्या गल्लीत शिरतो, एवढंच होतं. ते इतकं साधं होतं की मला ते सुचलं नाही याचं नवल वाटलं, आणि ऐकताना डोळे भरून आले. क्लॅरिनेट षड्जावर येऊन बसलं. ढोलाचे दोन ठोके पडले. मास्तरांचा पाय थांबला.

कुणी टाळी वाजवली नाही. एकदा चुकले होते, आता संपलं की नाही याची लोकांना खात्री नव्हती. वाजवणाऱ्यांनीही डोळे उघडले नाहीत, कारण उघडा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वीस वर्षं मास्तर त्यांच्या तोंडाकडे बघून आपण कुठे पोचलो ते ओळखत आले होते. आता त्या तोंडांवरून काही कळेना. ते सावकाश मागे वळले.

अख्ख्या नाट्यगृहाकडे तोंड करून उभे असलेले मास्तर मी तेव्हाच पाहिले. ते लोकांकडे बघत नव्हते. पहिल्या रांगेत त्यांची बायको उभी राहिली होती, एक हात थोडा पुढे झालेला. तिला बघून तिच्या शेजारचे उठले, मग आमची रांग उठली, मग मागच्या सगळ्या. टाळ्या त्यानंतर आल्या आणि थांबेचनात.

बाहेर आल्यावर मी त्यांच्या बायकोला गाठलं. माझ्या हाताबद्दल मला माफी मागायची होती, पण तोंडातून आधी प्रश्नच निघाला. सगळे बसलेले असताना तुम्ही एकट्याच कशा हो उठलात?

त्या लाजल्या. पदर सारखा करत म्हणाल्या, "आवं बाई, घर आलं न्हवं का त्यांचं? मी आपली कडी काढाय उठली."